अँपेग एसव्हीटी-सीएल घ्यावा की ऑरेंज एडी२००बी? तुमच्याकडे ८ ओहमची एकच कॅब असेल तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बेस गिटारसाठी दोन सेकंडहँड हेड (म्हणजे स्पीकर नसलेले नुसते अँप) मिळतायत, एक ३०० वॉटचा अँपेग एसव्हीटी-सीएल आणि दुसरा २०० वॉटचा ऑरेंज एडी२००बी, भाव जवळजवळ सारखाच, तिघांचा बँड आहे, गिटारवाला खाली ट्यून करून जोरात वाजवतो आणि ड्रमर त्याच्याहून जोरात, पुण्यात राहता, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की कॅब म्हणजे स्पीकरची पेटी एकच आहे, चार बाय दहाची (दहा इंची चार स्पीकर), ८ ओहम, ५०० वॉट, दुसरी इतक्यात घेणार नाही. माझ्या मते तुमचं उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे. ऑरेंज घ्या.

हे मी एसव्हीटी आवडत नाही म्हणून सांगत नाहीये. माझ्याकडे सहा वर्षं एसव्हीटी-सीएल होता, आता चार वर्षं ऑरेंज आहे, दोघांवरही माझा जीव आहे.

आधी ओहमचं बघू (स्पीकर विजेला जो अडथळा करतो त्याचं माप, यालाच इम्पीडन्स म्हणतात), कारण बाकी सगळं आवडीनिवडीचं आहे पण हे नाही. एसव्हीटी-सीएलच्या मागे इम्पीडन्सचा स्विच असतो त्यावर दोनच खुणा असतात, २ आणि ४. ८ नाहीच. ट्रान्झिस्टरच्या अँपला जास्त ओहमची कॅब लावली तर तो फक्त पॉवर कमी देतो, बाकी काही बिघडत नाही, त्यामुळे आपल्याला सवय झालेली असते की ८ ओहम म्हणजे सेफ. हे दोन्ही ट्यूब अँप, म्हणजे जुन्या रेडिओसारखे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे. ट्यूब अँपमध्ये ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो आणि समोर जितके ओहम असतील त्याच प्रमाणात तो ट्यूबवर भार टाकतो, म्हणजे ४ च्या जागी ८ लावले की ट्यूबला दुप्पट भार दिसतो, आतला व्होल्टेज जास्त उसळतो, आणि एसव्हीटीच्या प्लेटवर मुळातच ७०० च्या आसपास व्होल्ट असतात. हळू आवाजात कदाचित काही होणार नाही, पण तुम्ही हळू वाजवायला ३०० वॉटचा ट्यूब अँप घेत नाही आहात ना. ट्रान्सफॉर्मर जळला तर नवीन मागवून बसवून घेईपर्यंत महिने जातात. ऑरेंजच्या मागे ८ ओहमचे जॅक आहेत आणि ४ चाही आहे, तुमची आत्ताची कॅब सरळ लागते, पुढे तसलीच दुसरी घेतलीत तर दोन्ही पॅरलल म्हणजे ४ ओहम, तेही चालतं.

एसव्हीटी असा का आहे ते समजलं की त्याच्यावर रागही येत नाही. १९६९ साली मूळ एसव्हीटी आला तेव्हा स्टेज मोठे झाले होते पण आजच्यासारखा मोठा पीए (प्रेक्षकांसाठीची स्पीकर यंत्रणा) नव्हता, बेसचा आवाज मैदानाच्या शेवटापर्यंत स्टेजवरच्या अँपनेच न्यायचा होता. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षी अमेरिकेच्या टूरवर त्याचे प्रोटोटाइप वापरले होते. आणि हेडबरोबर त्याची कॅबही ठरलेली, दहा इंची आठ स्पीकर, प्रत्येक ३२ ओहमचा, आठही पॅरलल, म्हणजे बरोबर ४ ओहम. पेटी पूर्ण बंद, आत कप्पे पाडलेले, एकेका कप्प्यात दोन स्पीकर. ते हेड आणि ती पेटी मिळून एकच वाद्य आहे असं मला वाटतं, नुसतं हेड घेणं म्हणजे तानपुऱ्याच्या तारा घेतल्या आणि भोपळा नंतर बघू म्हणण्यासारखं आहे. आणि ती पेटी आहे जवळजवळ ६३ किलोची. हेड ३६ किलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

वजनावर लोक हसून पुढे जातात, पण मी सहा वर्षं ते ओझं उचललंय. जिना वळतो तिथे एकाने खालून धरायचं, दुसऱ्याने वरून, ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असल्यामुळे हेड एकीकडे झुकतं, हँडल त्या बाजूच्या माणसाची बोटं कापतं. तिसऱ्या वर्षानंतर मी छोट्या गिगला अँप न्यायचाच बंद केला, डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल थेट साउंड सिस्टिमला देणारी डबी) सरळ पीएत वाजवायचो, आणि घरात एवढा सुंदर अँप चादरीखाली पडून असायचा. ऑरेंज २४-२५ किलोचा आहे. हलका नाहीच, पण एकटा माणूस छातीशी धरून उतरवू शकतो, त्यामुळे तो दर गिगला येतो.

आता वॉट. ३०० आणि २०० मध्ये कागदावर मोठा फरक दिसतो, कानाला तो पावणेदोन डेसिबलच्या आसपास असतो, बस. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तुमच्या ड्रमरच्या पुढे जायला २०० पुरतात का, तर पुरतात, कान दुखतील एवढे पुरतात (सगळ्यांनी इअरप्लग घाला, हे मी कळकळीने सांगतोय, जॅमरूममध्ये तर नक्कीच). खरा फरक पडतो तो आवाज कुठे फाटायला लागतो त्यात. एसव्हीटीत ६५५० नावाच्या सहा पॉवर ट्यूब आहेत, ऑरेंजमध्ये त्याच चार. एसव्हीटी बराच वरपर्यंत साफ राहतो आणि मग गुरगुरायला लागतो, ती गुरगुर छातीच्या मधोमध लागते. ऑरेंजला पाच नॉब, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा), बेस, मिड (मधले सूर), ट्रेबल, मास्टर (एकूण आवाज), संपलं, आणि गेन अर्ध्यावर नेला की तो दाट व्हायला लागतो, कडा जाडसर होतात, बोट हलकं ठेवलं तर साफ आणि जोरात मारलं तर फाटतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्यावर जशी भरलेली धूम येते ना, टोक नाही पण वजन आहे, ऑरेंज मला तसा वाटतो. तिघांच्या बँडमध्ये गिटारवाला सोलोला गेला की मागे जी पोकळी पडते ती हाच दाटपणा भरून काढतो. तुमचा गिटारवाला खाली ट्यून करतो म्हटल्यावर तर तो तुमच्याच पट्टीत येऊन बसणार, तिथे तुम्हाला वरचा मिड लागेल, नुसता खालचा बेस वाढवून काही ऐकू येणार नाही.

याच्यावर थोडं जास्त लिहितो, कारण सगळे इथेच फसतात. बेसच्या खालच्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. एसव्हीटीच्या त्या प्रसिद्ध आठ स्पीकरच्या पेटीचासुद्धा आवाज साधारण ५८ हर्ट्झच्या खाली कमी व्हायला लागतो. म्हणजे ज्या आवाजाला अख्खी दुनिया जाड म्हणते त्यात सर्वात खालचा सूर कमीच असतो, आपल्याला ऐकू येतात ते ८२, १२३ असे वरचे सूर, आणि मेंदू खालचा स्वतः भरून घेतो. ट्यूब फाटते तेव्हा हेच वरचे सूर वाढवते. म्हणून तुमच्या चार बाय दहाला कमी समजू नका, तिच्यावर ऑरेंजचा मिडचा नॉब घड्याळातल्या दोनच्या काट्यावर ठेवा, बेसचा बारावर किंवा थोडा खाली, आणि मग ड्रमरबरोबर वाजवून बघा. एकट्याने खोलीत वाजवून सेटिंग ठरवू नका, तिथे सगळ्यांना बेसच वाढवावासा वाटतो.

एसव्हीटीच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याचा मिडचा तीन ठिकाणचा स्विच, २२०, ८०० आणि ३००० हर्ट्झ, ही फार हुशारीची गोष्ट आहे, हॉल बदलला की एका खटक्यात सूर सापडतो. मागे डीआय आउट आहे, साउंडवाल्याला सरळ केबल देता येते. ऑरेंजला तो नाही, त्यामुळे वेगळा डीआय बॉक्स किंवा कॅबसमोर माइक लागेल, तो खर्च धरून ठेवा. ट्यूबचा बायस (ट्यूबमधून किती करंट वाहतो त्याची जुळणी) बघायला एसव्हीटी-सीएलला मागेच एलईडी आहेत. तुमच्याकडे ४ ओहमची मोठी कॅब असती, खाली गाडी उभी असती आणि स्लॅप, फिंगर, पिक सगळं साफ ऐकू यावं असा तुमचा बाज असता तर मी हेच उत्तर उलटं लिहिलं असतं.

वीज. दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी हे कराच. एकदा बाहेरगावच्या ओपन एअर शोला जनरेटरवर वाजवत होतो, मधल्या गाण्यात लाइट झपकन उजळल्या, म्हणजे व्होल्टेज वर गेला, आणि दोन मिनिटांनी माझ्या मागे बसलेला मित्र ओरडला. मागच्या जाळीतून बघितलं तर सहापैकी एका ट्यूबची काचेच्या आतली करडी प्लेट मधोमध लालभडक, लोहाराच्या भट्टीतल्या पट्टीसारखी, आणि तो लाल डाग डोळ्यांदेखत पसरत होता. स्टँडबाय (ट्यूब गरम ठेवून आवाज बंद करणारा स्विच) मारला तेवढ्यात फ्यूज उडाला. नशीब, फक्त ट्यूब गेल्या. तेव्हापासून सर्वो स्टॅबिलायझर अँपबरोबर येतो, दोन केव्हीएचा घ्या म्हणजे निवांत, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या भागात चौकशी करा. आणि मागच्या पाटीवर २३० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा, अमेरिकेतून कुणी आणलेला १२० चा पीस असेल तर अजून एक जड ट्रान्सफॉर्मर कायमचा गळ्यात पडतो.

बघायला जाल तेव्हा स्वतःची कॅब टेम्पोत टाकून न्या आणि निदान अर्धा तास जोरात वाजवा, पाच मिनिटांत काही कळत नाही, गरम झाल्यावरच रोग बाहेर येतो. खोलीतला दिवा घालवून मागून ट्यूबकडे बघा. काचेच्या आत निळसर उजेड नाचत असेल तर घाबरू नका, ते चालतं, पण प्लेट लाल झालेली दिसली तर बंद करायला सांगा. प्रीॲम्पच्या छोट्या ट्यूबवर पेन्सिलीने हलकेच टिचक्या मारा, एखादी घंटीसारखी वाजली तर ती बदलावी लागेल, ते स्वस्तातलं काम आहे. पॉवर ट्यूब शेवटच्या कधी बदलल्या ते विचारा, कारण ऑरेंजला चार मॅच्ड (एकमेकींशी जुळणाऱ्या) ६५५० लागतात आणि एसव्हीटीला सहा, आणि बदलल्यावर बायस करून घ्यावा लागतो. ते काम जुने व्हॉल्व्हचे रेडिओ केलेल्या एखाद्या काकांकडूनच करून घ्या, स्वतः झाकण उघडू नका, वायर काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज उरलेला असू शकतो.

आणि घरी आणल्यावर पहिल्यांदा लावताना गिटारची केबल नाही, जाड स्पीकर केबलच वापरा. कॅबशिवाय हा अँप एकदाही चालू करायचा नाही. दोन्ही टोकं हाताने ओढून बघा पक्की बसलीत का, मग पॉवर, एखाद मिनिट ट्यूब गरम होऊ द्या, आणि मग स्टँडबाय काढा.