डी डिऑन मागचं सस्पेन्शन: टॉर्क कधी द्यायचा?

तुम्ही केटरहॅम सेव्हन या हलक्या स्पोर्ट्स कारचं किट इंग्लंडात घरच्या गॅरेजमध्ये जोडताय. तिच्या मागे डी डिऑन सस्पेन्शन आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एका नळीने जोडलेली आणि डिफ (चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल) चासीवर. डिफ वर चढलाय पण एका अंगाला सरकलेला दिसतोय (दोन्हीकडच्या अंतरात तीन मिलिमीटरचा फरक), ती नळी मधोमध धरणाऱ्या ए-फ्रेमचा बोल्ट आरपार जाईना, आणि मॅन्युअलमध्ये टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे आकडे आहेत तर ते आत्ताच देऊन मागची बाजू मिटवून टाकू का, असं विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते चुकलं तर बाकी सगळं बरोबर बसूनही उपयोग नाही. आत्ता टॉर्क देऊ नका. गाडी स्टँडवर आहे तोवर रबरी बुश असलेला एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही.

याचं कारण बुशच्या आत आहे. सुटा बुश हातात घेऊन बघा: बाहेर एक नळी, आत एक नळी आणि दोघींना चिकटवलेलं रबर. आतली नळी बाहेरचीपेक्षा किंचित लांब ठेवलेली असते. तुम्ही बोल्ट आवळता तेव्हा ब्रॅकेटचे दोन्ही गाल त्या आतल्या नळीला चिमटीत धरतात आणि ती नळी चासीशी जखडली जाते. त्यानंतर आर्म (चाकाकडची बाजू चासीशी जोडणारा दांडा) वरखाली होतो तो नळीभोवती फिरून नाही, रबर पिळून. म्हणजे ज्या स्थितीत आवळलं ती त्या रबराची आरामाची स्थिती. स्टँडवर चाकं लोंबकळत असताना आवळलंत, तर गाडी जमिनीवर उभी राहिली की रबर कायमचं पिळलेलं राहणार. गाडी हवी त्यापेक्षा उंच बसते, स्प्रिंगशिवाय रबरही एक जादा स्प्रिंग होऊन वर ढकलत राहतं आणि बुश अकाली फाटतो. वरून तुम्ही शॉकअब्झॉर्बरच्या रिंगा फिरवून उंची जुळवायला बसता आणि गणित काही केल्या जुळत नाही, कारण मूळ चूक दुसरीकडेच असते. पॉलियुरेथेनचे बुश घातले असतील तर आतली नळी मोकळी फिरते, तिथे हा प्रश्न येत नाही. फक्त सोबत आलेलं ग्रीस कंजूषपणा न करता लावा, नाहीतर थोड्याच दिवसांत कुईकुई सुरू होईल.

आता डिफ. अलीकडच्या किटमध्ये बीएमडब्ल्यूचा येतो, आधीच्या डी डिऑन गाड्यांना फोर्ड सिएराचा असायचा. तुमच्याकडे कुठलाही असला तरी तत्त्व एकच. आरपार जाणाऱ्या लांब बोल्टवर दोन्ही बाजूंना वॉशर घालून डिफ मधोमध आणायचा असतो. पिशवीत वेगवेगळ्या जाडीचे वॉशर का दिलेत, असा प्रश्न पडला असेल, तर ते यासाठी. डोळ्याने मधोमध दिसतो म्हणून सोडू नका. दोन्ही बाजूंना चाकांकडे जाणारे शाफ्ट जिथे डिफला जोडतात, त्या तोंडापासून चासीच्या उभ्या नळीपर्यंत मोजा. पट्टी टेकवायला जागा नसेल तर ओळंबा सोडा, जमिनीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. दोन्हीकडे एक मिलिमीटरच्या आत आलं की पुरे. तुम्ही तीन मिलिमीटरचा फरक लिहिलाय, तो डावीकडचा एखादा वॉशर उजवीकडे नेला की जवळजवळ जाईल: एका बाजूला दीड घटतं तेव्हा दुसऱ्या बाजूला दीड वाढतं, त्यामुळे सरकवायचं अंतर फरकाच्या निम्मं धरायचं. हे लक्षात न घेता लोक दुप्पट वॉशर घालतात आणि मग डिफ पलीकडे गेला म्हणून वैतागतात.

वॉशर चढवताना तो बोटातून निसटून डिफच्या मागे पडतो, हा सगळ्यांचाच अनुभव. वॉशरला ग्रीसचा ठिपका लावून ब्रॅकेटला चिकटवा, किंवा मास्किंग टेपच्या पट्टीवर धरून आत सरकवा. डिफ खाली ट्रॉली जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून तोललेला हवा आणि दुसरा माणूस हवाच. एकट्याने होत नाही असं नाही, पण लोखंडाचा तो गोळा बोटांवर आला तर पुढचा महिनाभर पाना धरता येणार नाही. पावडर कोटिंग ओरखडू नये म्हणून चासीच्या नळ्यांना आधीच जाड टेप गुंडाळा.

ए-फ्रेमचा बोल्ट जात नाही याची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, भोकात पावडर कोटिंगचा थर. ड्रिलने भोक मोठं करू नका. गोल कानस दोनचार वेळा फिरवा, बोल्ट हाताने सरकेल इतकंच, आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला रंगाचा हात द्या. इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, तिथे उघडं लोखंड एका मोसमात लाल होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: बाकीचे बोल्ट तुम्ही आधीच आवळलेत. डी डिऑनच्या नळीला जागेवर धरणारे दुवे मोजकेच. मध्यभागी खालून ए-फ्रेम, जी नळीला डावी-उजवीकडे सरकू देत नाही, आणि दोन्ही टोकांना पुढे चासीकडे जाणारे रेडियस आर्म. यातला एक जरी आवळलेला असला तरी नळी थोडी तिरकी धरली जाते आणि शेवटचं भोक हमखास जुळत नाही. सगळे सोडा, सगळ्यांत बोल्ट नुसते सरकवा, नट बोटाने दोन आटे धरेल इतकाच. मग जॅकने नळीचं एक टोक किंचित वर उचललं की ए-फ्रेमचा बोल्ट स्वतःहून गेल्यासारखा आत जाईल. हातोडी लागली तर समजा अजून काहीतरी अडतंय. ठोकून घातलेल्या बोल्टचे आटे खराब होतात आणि या गाडीत इंची आणि मेट्रिक दोन्ही आटे आहेत, त्यामुळे घाईत भलताच नट चढवला जाणं अवघड नाही. नट बोटाने सुरू होत नसेल तर तो त्या बोल्टचा नाही.

ए-फ्रेमच्या पुढच्या दोन टोकांनाही वॉशर लागतात. डिफ मधोमध आला म्हणजे नळी आपोआप मधोमध आली असं नसतं. चासीच्या कडेपासून नळीच्या टोकापर्यंत दोन्हीकडे मोजा. इथे फरक राहिला तर मागची एक बाजू मडगार्डला जास्त खेटते आणि ते बॉडी चढवल्यावरच नजरेत भरतं, तेव्हा मात्र सगळं पुन्हा उघडायचा कंटाळा येतो.

तुम्ही जाता जाता असंही विचारलंय की आजच्या जमान्यात हा जुनाट अ‍ॅक्सल का, स्वतंत्र सस्पेन्शन का नाही. ही रचना १८९० च्या दशकातली, फ्रान्समधल्या डी डिऑन-बुटाँ या कंपनीची. नाव काउंट डी डिऑनचं लागलं, पण डोकं त्याचा भागीदार चार्ल्स ट्रेपार्दूचं. ट्रेपार्दू वाफेच्या गाड्यांचा माणूस. कंपनी पेट्रोल इंजिनाकडे वळली तसा तो बाहेर पडला. त्याची युक्ती मात्र आजही टिकून आहे: डिफचं वजन चासीवर टाकायचं आणि चाकं एका हलक्या नळीने जोडायची. नेहमीच्या सलग अ‍ॅक्सलमध्ये डिफचा गोळा चाकांबरोबर प्रत्येक खड्ड्यात वरखाली होतो, इथे होत नाही. आणि वळणावर बॉडी कलली तरी मागची दोन्ही चाकं रस्त्याला सरळ राहतात. पाचशे-सहाशे किलोच्या गाडीत चाकांबरोबर हलणारं वजन कमी करणं फार मोलाचं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली काढलेल्या लोटस सेव्हनला, म्हणजे याच गाडीच्या मूळ रूपाला, मागे सलग अ‍ॅक्सल होता, १९७३ पासून केटरहॅमने गाडी बनवायला घेतली तरी बरीच वर्षं तोच होता, डी डिऑन १९८० च्या दशकात आला. केटरहॅमच्याच सीएसआर या मॉडेलला स्वतंत्र मागचं सस्पेन्शन दिलं गेलं, आणि २०१३ च्या ६६० सीसी सुझुकी इंजिनाच्या छोट्या मॉडेलला पुन्हा सलग अ‍ॅक्सल. माझ्या मते घरी जोडणाऱ्याला डी डिऑन सगळ्यांत सोयीचा, कारण मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) बहुतांशी नळीच्या आणि तिच्या टोकांच्या मशिनिंगमध्येच ठरून येतो. तुम्हाला जुळवायचं थोडंच उरतं.

शॉकअब्झॉर्बर शेवटी. खालचा बोल्ट घालताना जरा विचार करा की डोकं कुठल्या बाजूला येतंय: चाक, ब्रेक आणि नळी जागेवर आल्यानंतर तो बोल्ट बाहेर ओढायला जागा उरायला हवी. मॅन्युअलमधल्या चित्रात दिशा असेल तर तीच पाळा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) आत्ता वापरू नका. लोखंडी दुकानातले साधे नट तात्पुरते लावा आणि नायलॉक अखेरच्या आवळणीसाठी राखून ठेवा. एकदा पूर्ण चढवून काढलेला नायलॉक मी पुन्हा वापरत नाही. बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला पातळ कॉपर ग्रीस लावा म्हणजे बुशमध्ये गंजून बसणार नाही, पण आटे कोरडे ठेवा. मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लागलेल्या आट्यांवर तोच आकडा दिला तर बोल्ट प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताणला जातो.

आणि मग तो दिवस, जेव्हा टॉर्क द्यायचा. इंजिन, गिअरबॉक्स, सीट सगळं चढल्यावर, चाकांवर, सपाट जमिनीवर. सेव्हनमध्ये माणूस जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलवरच बसतो, त्यामुळे ऐंशी किलोच्या ड्रायव्हरचं बहुतेक वजन मागेच येतं आणि एवढ्या हलक्या गाडीत त्याने मागची बाजू चांगलीच खाली बसते. म्हणून सीटवर वजन ठेवूनच आवळायचं. वाळूच्या गोण्या चालतात. आमच्याकडे देशी किराणा दुकानातल्या वीस किलोच्या बासमतीच्या गोण्या वापरतात, स्वच्छ असतात आणि नंतर खाता येतात. चार गोण्या म्हणजे एक ड्रायव्हर: तीन सीटवर, एक पायाच्या जागेत. टाकीत निम्मं पेट्रोल. मग गाडी दोनचार हात पुढेमागे ढकला आणि मागची बाजू दाबून सोडा. जॅकवरून उतरवल्यावर टायर जमिनीला चिकटून आत-बाहेर ताणलेले असतात, हे केल्याशिवाय सस्पेन्शन खऱ्या उंचीवर येत नाही. आता गाडीखाली हात घालून एकेक बोल्ट आवळा. जागा इतकी कमी असते की टॉर्क पाना धड फिरत नाही. चारही चाकं रॅम्पवर किंवा जाड फळ्यांच्या थरावर चढवली की काम सुसह्य होतं. गाडीखाली जाताना आडव्या फळ्यांनी चाकं अडवायला विसरू नका. प्रत्येक बोल्ट झाला की नटापासून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करची एक रेघ ओढा. पुढे रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला, एवढं टॉर्चच्या उजेडात कळतं. पहिल्या काही शेकडा मैलांनंतर सगळ्या रेघा एकदा बघा आणि टॉर्क पुन्हा तपासा.

हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा मोठा नट वेगळा विषय. त्याचा टॉर्क इतका जास्त आहे की नेहमीचा घरगुती टॉर्क पाना तिथपर्यंत पोचत नाही. मोठा भाड्याने मिळतो, तो आणा. गाडी चाकांवर उभी, एकजण ब्रेक दाबून बसलेला, तेव्हाच द्या. स्टँडवर असताना एवढा जोर लावायचा म्हणजे गाडी स्टँडवरून ओढून घेण्यासारखं आहे.

ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल यांची वाट आत्ताच ठरवा. चाकं पूर्ण लोंबकळलेली आणि स्प्रिंग पूर्ण दबलेली, दोन्ही टोकांना पाहा: पाइप कुठे ताणला जातोय का, शाफ्टला किंवा टायरला घासतोय का. २००९ पासून अशा एकेकट्या गाड्यांना ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए तपासणी लागते आणि तिथला माणूस टॉर्च घेऊन नेमकं हेच शोधतो. बाहेरून हात लागेल अशा जागी असलेल्या नटबोल्टच्या धारदार डोक्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या लागतात. रेडियस आर्मचं पुढचं टोक बॉडीच्या बाहेर असतं, तिथली टोपी लोक हटकून विसरतात. पिशवीभर टोप्या आणून ठेवा.

एक राहिलं: ही गाडी सुट्टीत पुण्याला नेऊन तिथे कायमची ठेवता येईल का, हे डोक्यातून काढून टाका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, निर्मात्याने मंजुरी घेतलेल्या रचनेपेक्षा वेगळ्या साध्या गाडीलाही तिथे नोंदणी मिळत नाही. घरी जोडलेल्या सेव्हनचं आरटीओत काय होईल ते तुम्हीच ओळखा.