चटणी डावीकडे का?

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, तिकडे ब्रेडला वेजिमाइट फासतात, मग आजी भाकरीला चटणी फासून का देत नाही? बाजूला का वाढते?" फोन ठेवला तरी प्रश्न डोक्यातून जाईना.

वेजिमाइट इथलंच, मेलबर्नचं. १९२२ मध्ये सिरिल कॅलिस्टर या रसायनतज्ज्ञाने बिअर केल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून ते बनवलं. काळं, चांगलंच खारट. भाजलेल्या ब्रेडला आधी बटर, वर याचा पुसटसा हात. एकदा लावलं की पहिल्यापासून शेवटच्या घासापर्यंत चव तीच.

आपल्याकडचा शब्दच बघ: तोंडीलावणं. आपण भाकरीला नाही, तोंडी लावतो! पानात वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, भाजी उजवीकडे. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि चटणी किती घ्यायची ते त्या घासापुरतं आपणच ठरवायचं. एक घास ठेच्याला जेमतेम टेकवलेला, दुसरा लोण्याबरोबर, मध्येच एखादा नुसता, ज्वारीची गोडी कळावी म्हणून. आजोबांना जवसाची चटणी दह्यात कालवून लागते, आजीला कारळ्याची, वर कच्चं तेल. एकाच टोपलीतल्या भाकऱ्या, पण दोघांचं जेवण निराळं. आजीने आधीच फासून दिली असती तर ही निवड तिनेच करून टाकली असती, आणि ते मला मुळीच आवडलं नसतं.

पोळीला मात्र आपण लावतो. तूपसाखरेची सुरळी तू रोज डब्यात नेतेस. वर्गात ताट कुठे मांडणार?

आणि पाव. तो पोर्तुगीजांबरोबर आला, मिरचीही त्यांनीच आणली. ठाण्याच्या तलावपाळीवरचं जुनं चर्च त्यांच्याच काळातलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकून घेतलं, पण पाव आणि मिरची आपल्याकडेच राहिली. आता वडापावात दोन्ही एकत्र असतात, आणि तिथे चटणी पावाला आतून लावतात, कारण तो उभ्याउभ्या खायचा असतो.

आजीच्या लसणीच्या चटणीची बरणी तळाला आलीय. आज सकाळी ती टोस्टवर पसरून पाहिली, दोन घासांत नकोशी झाली. मग दुसरा टोस्ट मोडून घेतला, ताटलीत डावीकडे चटणी वाढली आणि शांतपणे बसून खाल्ला. आजीला सांग, पुढच्या महिन्यात मावशी येईल तिच्याबरोबर थोडी पाठव. खलबत्त्यात कुटलेली, मिक्सरमधली नको.

तुझी,
आई