चिकनला एवढं पाणी का सुटतं? (आणि तंदुरीचे बाकीचे प्रश्न)

श्रावण संपला की या सदराची पत्रं एकदम तिखट होतात. उपासाच्या थालीपिठावरून गाडी थेट तंदुरीवर येते, आणि यावेळी तर दह्यातल्या चिकनवर इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे पुढच्या अंकात ढकललेत.

प्रश्न : ताई, मी चार-पाच वेळा घरी तंदुरी चिकन केलं. रात्रभर दह्यात मुरवते, चवीला छान लागतं, पण ओव्हनमध्ये टाकलं की ट्रेमध्ये इतकं पाणी सुटतं की पीस त्या पाण्यातच शिजतात. दिसायला अगदी उकडल्यासारखं. ते काळपट डाग काही केल्या येत नाहीत. कुठे चुकतंय?

उत्तर : अहो, चुकतंय ते ओव्हनमध्ये नाही, दह्यात. तुम्ही दही पातेल्यातून थेट घेताय ना? त्याच्यातलं पाणी कोण काढणार? श्रीखंडाला आपण न विसरता दही पंचात बांधून टांगतो आणि चिकनच्या वेळी मात्र तसंच ओततो, मीपण कितीतरी वर्षं हेच केलं आणि ओव्हनला शिव्या घातल्या. डाग पडायला पिसाचा वरचा थर आधी कोरडा व्हावा लागतो, कारण जोवर तिथे पाणी आहे तोवर तो थर १०० अंशांच्या वर जातच नाही, मग ओव्हनचा काटा २५० वर असला तरी आत चाललंय ते वाफवणंच. हॉटेलच्या तंदूरमध्ये ४०० अंशांच्या पुढची आच असते, तिथे ते पाणी बघताबघता उडतं, शिवाय पीस सळईला लटकलेला असतो त्यामुळे जे काय गळायचं ते खाली निखाऱ्यावर गळतं. आपल्याकडे तेवढी आच नाही म्हणजे पाणी आधीच काढलं पाहिजे.

तर अर्धा किलो दही तीन-चार तास टांगा, साधारण पाव किलो चक्का मिळेल, तेवढा १ किलो चिकनला पुरतो. आणि मसाला दोनदा लावा. आधी पिसांना खोल चिरे देऊन नुसतं मीठ (दोन सपाट चमचे), आलं-लसूण आणि थोडं लिंबू चोळून अर्धा तास ठेवायचं, जे पाणी सुटेल ते ओतून टाकायचं आणि मग चक्क्याचा मसाला. लोकांना वाटतं दही आणि मसाला रात्रभरात हाडापर्यंत जातो. तसं काही होत नाही, मसाला जेमतेम वरच्या थरात राहतो, आत जातं ते मीठ, आणि म्हणूनच मीठ पहिल्यांदा आणि चिरे खोल. चक्क्यात एक चमचा भाजलेलं बेसन घाला, उरलंसुरलं पाणी ते धरून ठेवतं आणि मसाला पिसावरून घसरत नाही.

आणि हो, पीस ट्रेमध्ये पसरून ठेवू नका, जाळीवर ठेवा, ट्रे खाली. दोन पिसांमध्ये बोटभर जागा. एकदम २ किलो कोंबलं की परत वाफ, परत तेच रडगाणं. ओव्हन आधी १५ मिनिटं २३० ते २५० वर तापवा, लेग पीसला २५-३० मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटून बटर लावा आणि शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरचा रॉड चालू ठेवून समोर उभ्या राहा. फोन आला तरी जाऊ नका, काळपट आणि जळका यात एका मिनिटाचा फरक असतो.

प्रश्न : चिकन मऊ व्हावं म्हणून मी कच्ची पपई किसून घातली आणि रात्रभर ठेवलं, सकाळी बोटाने दाबलं तर नुसता लगदा. दह्याने पण असं होतं का?

उत्तर : दह्याने एवढं नाही होत. दह्यातलं आम्ल सौम्य असतं, हळूहळू काम करतं, म्हणून तर ते बरं. पपईत पपेन असतं आणि ते मांसातली प्रथिनं अक्षरशः कातरत सुटतं, ते मटणाला ठीक आहे, कोंबडी मुळात कोवळी, तिला कशाला? दह्यातसुद्धा लेग पीस ६ ते १२ तास खुशाल ठेवा, पण बोनलेस ब्रेस्ट असेल तर तीन-चार तास पुरे, त्यात लिंबू जास्त असेल तर आणखी कमी, नाहीतर वरचा थर खडूसारखा पिठूळ लागतो. मुरवायचं ते फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

प्रश्न : हॉटेलसारखा लालभडक रंग घरी कसा आणायचा? माझं नेहमी पिवळट-तपकिरी होतं आणि मुलं म्हणतात हे तंदुरी नाहीच.

उत्तर : मुलांना सांगा की तो लालभडक रंग बऱ्याचदा बाटलीतला असतो. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली ती उगीच नाही. घरी काश्मिरी मिरची पावडर घ्या, बेडगी पण चालेल, पण ती थेट दह्यात टाकू नका. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. दोन मोठे चमचे मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवा, गॅस बंद करून जरा निवू द्या, मग त्यात मिरची घाला आणि ते लाल तेल चक्क्यात फेटा. हळद चिमूटभरच, तुमचा पिवळटपणा मला वाटतं तिथूनच येतोय. शेंदरी रंग येईल, लालभडक नाही येणार, आणि नाहीच यायला पाहिजे. कसुरी मेथी हातावर चोळून घालायला मात्र विसरू नका, अर्धा हॉटेलचा वास तिचाच असतो.

प्रश्न : मी रूमवर राहतो, ओव्हन नाही, एक गॅस आणि एक लोखंडी तवा आहे. जमेल का?

उत्तर : अरे का नाही जमणार! बोनलेस घे, मांडीचं, ब्रेस्ट नको, तव्यावर ते लगेच चामट होतं. तवा चांगला तापू दे, थोडं तेल, एका वेळी पाच-सहाच तुकडे, आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही. दोन-तीन मिनिटं हलवू नकोस, खालून डाग पडले की उलट. शिजले की सगळे पातेल्यात घे, मध्ये कांद्याची वाटी ठेव, त्यात लाल झालेला निखारा, वर अर्धा चमचा तूप आणि झटकन झाकण. दोन मिनिटं पुरतात, जास्त ठेवलं तर चिकन कडवट लागतं. एकच गोष्ट गंभीरपणे सांगते, कोळसा पेटवताना आणि धुरी देताना खिडकी उघडी ठेव आणि नंतर निखारा पाण्यात विझव. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासच नसतो, कळत नाही.

प्रश्न : शिजवल्यावरही हाडाजवळ लाल दिसतं, ते कच्चं असतं का? आणि उरलेला दह्याचा मसाला ग्रेव्हीत वापरला तर चालेल?

उत्तर : ब्रॉयलर कोंबडी लहान वयाची असते, तिच्या हाडातला मगज झिरपून आजूबाजूचं मांस लालसर दिसतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता मांसाच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, ७४ अंश दाखवलं की झालं. नसेल तर सुरी घालून बघा, रस पाण्यासारखा स्वच्छ आला पाहिजे आणि मांस हाडापासून सुटत असलं पाहिजे. उरलेला मसाला कच्च्या चिकनला लागलेला आहे, त्याची चटणी करू नका किंवा शिजलेल्या पिसांवर परत फासू नका. ग्रेव्हीत चालेल, पण खळाखळा उकळून, आणि उकळताना दही फुटू नये म्हणून सतत ढवळत. आणि कृपा करून कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, जंतू धुऊन जात नाहीत, उलट सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात.

प्रश्न : आमच्याकडे मी एकटी शाकाहारी. याच मसाल्यात पनीर घातलं तर?

उत्तर : घाला की. फक्त अर्ध्या तासाच्या वर मुरवायची गरज नाही आणि ओव्हनमध्ये १० मिनिटं पुरतात, जास्त ठेवलं की पनीरचं रबर. तुमची जाळी चिकनच्या वर ठेवा, खाली नको, नाहीतर त्यांचा सगळा रस तुमच्या ताटात.