पोट भरलं की डब्ब झालं?

प्रश्न : आमच्या टॉवेल कारखान्यात व्हिएतनामचे पाहुणे येतात. परवा जेवताना ‘पोट भरलं’ म्हणून मी त्यांना ‘डय बुंग’ म्हणालो, तर ते मलाच औषध हवंय का विचारू लागले. काय चुकलं? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ‘डय’ म्हणजे भरलेला आणि ‘बुंग’ म्हणजे पोट, हे खरंच आहे. पण ‘डय’ हंड्याला शोभतं. पोटाला लावलं की अर्थ होतो अपचन, गॅस, पोट डब्ब होणं. जेवून पोट भरलं त्याला ‘नॉ’ म्हणतात. ‘नॉ रोय’ म्हणजे पोट भरलं, बास. (हनोईत ‘नॉ झोय’.) आपल्याकडे आग्रहाची आणखी एक भाकरी ताटात पडतेच, त्या वेळी पाहुणे ‘नॉ कंग बुंग’ म्हणाले, तर पोट तट्ट भरलंय असं समजा. ‘बुंग’मधला ग उच्चारायचा नाही, ओठ मिटून तिथंच थांबायचं.

भूक लागली याला ‘डॉय’. इथं मराठी माणूस हमखास अडखळतो, कारण वाक्य संपताना आपला आवाज आपोआप खाली येतो. ‘डॉय’ खाली सोडलंत तर ‘मागणी करणं’ असा अर्थ होतो! आश्चर्यानं ‘हो?’ म्हणताना चढतो तसा आवाज चढवा. त्यांच्या लिपीत या शब्दावर उजवीकडे चढणारी रेघ असते, ती सुराचीच खूण. ‘नॉ’वर खूण नाही, म्हणून सूर सपाट, सा धरून ठेवल्यासारखा. तो चढवलात की शब्द ‘तो’ किंवा ‘ती’ होतो.

विचारायचं असेल तर ‘डॉय चुअ?’, ‘नॉ चुअ?’. च चहातला. प्रश्न ‘चुअ’मध्येच आहे, तेव्हा शेवटी आवाज उंचावू नका, उंचावलात तर ‘सामावणं’ हा निराळाच शब्द होतो. उत्तर येईल ‘रोय’, म्हणजे झालं, नाहीतर ‘चुअ’, म्हणजे अजून नाही. पाहुणे आपल्याहून थोडे मोठे असतील तर आधी ‘आन्’ म्हणा, बाईंना ‘ची’. हे त्यांचे दादा आणि ताई; त्यांच्याशिवाय प्रश्न रुक्ष वाटतो.

पाहुणा ‘ङान’ म्हणाला तर मात्र पोट भरलेलं असेलच असं नाही. तेलकट-गोडाचा वीट आलाय, एवढंच. शेंगापोळी बाजूला ठेवा, काकडी-लिंबू पुढे करा. सुरुवातीचा ङ जमत नसेल तर ‘रंग’ म्हणताना ग येण्याआधी थांबा आणि तिथूनच ‘आन’ सुरू करा.

प्रश्न : ‘पोटात कावळे ओरडतात’ला व्हिएतनामीत काही आहे का?

उत्तर : कावळे नाहीत, तिथं पोट उकळतं : ‘बुंग सोय’. गुडगुडण्याचा आवाज ‘उंग उक’. भुकेनं आत कालवाकालव होते ती ‘डॉय कोन काव’. अंगात त्राणच उरलं नाही तर ‘डॉय ला’. आणि पोट भरल्यावरही ताटात वाढून घेणाऱ्या पोराला म्हणतात, ‘नॉ बुंग, डॉय कॉन मात’ : पोट भरलं, डोळे उपाशी.