बंगाली येत नाही, पण मोटारसायकलवरचं ‘एइ पथ जोदि ना शेष होय’ फार आवडलं. ‘सप्तपदी’ पाहावा का?

जरूर पाहा. पण गाण्यावरून सिनेमाचा अंदाज बांधाल तर फसाल. गाणं हसरं-खेळकर, आणि सिनेमा चांगलाच रडवणारा आहे.

‘सप्तपदी’ १९६१चा. ताराशंकर बंदोपाध्याय यांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक अजय कर. कृष्णेंदू (उत्तमकुमार) आणि रीना ब्राऊन (सुचित्रा सेन) कलकत्त्यात डॉक्टरीला एकत्र असतात. आधी दोघांचं अजिबात पटत नाही, मग प्रेम जमतं आणि मग धर्म आडवा येतो. तिच्याशी लग्न करायचं म्हणून तो ख्रिस्ती व्हायला निघतो, तेव्हा त्याचे वडील थेट रीनालाच गळ घालायला जातात. वडील म्हणजे छबी विश्वास. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की पार्श्वभूमीला दुसरं महायुद्ध आहे आणि मोटारसायकलवरची ती पोरगी नंतर ओळखू येत नाही.

आता गाणं. शब्द गौरीप्रसन्न मजुमदार यांचे, संगीत हेमंतकुमारांचं, आणि आवाज त्यांचा नि संध्या मुखर्जींचा. तो विचारतो, हा रस्ता संपलाच नाही तर कसं होईल, सांग ना. ती म्हणते, ‘तुमिइ बलो’, म्हणजे तूच सांग! कडव्यांचा सगळा भार हेमंतदांवर. संध्याबाईंच्या वाट्याला असे तुटक शब्द आणि ‘ला ला ला’. तरी गाणं तिचं वाटतं. प्रेमाची कबुली तिच्या तोंडून निघत नाही, ती त्या ‘तूच सांग’मध्ये लपते. हेमंतदांनी चाल मुद्दाम साधी ठेवलीय. कुठे हरकती-मुरक्या नाहीत, की आवाज चढवणं नाही. ‘मी डोलकर’ म्हणणारा आवाज तो हाच. बंगालीत तो जरा जास्त घरच्यासारखा सैलावतो, असं माझं मत. संध्याबाईंना हिंदीत ऐकायचं तर ‘तराना’मधलं (१९५१) लताबाईंबरोबरचं ‘बोल पपीहे बोल’ काढा.

भाषेची काळजी करू नका, सबटायटल्सवर निभतं. शिवाय एक मोठा प्रसंग इंग्रजीतच आहे. कॉलेजात शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ नाटक होतं, त्यात कृष्णेंदू ऑथेल्लो होतो आणि रीना त्याची बायको डेस्डेमोना. ज्या मुलीशी रोज भांडण, तिचाच स्टेजवर गळा दाबायचा! पडद्यावर उत्तम-सुचित्रा, आवाज मात्र उत्पल दत्त आणि जेनिफर केंडल यांचे. उत्पल दत्त म्हणजे आपल्या ‘गोलमाल’मधले मिशीवाले भवानीशंकर. आणि जेनिफर म्हणजे शशी कपूरच्या पत्नी, ज्यांच्यामुळे जुहूचं पृथ्वी थिएटर उभं राहिलं. भवानीशंकर डोळ्यांपुढे ठेवून तो ऑथेल्लो ऐकून बघा, विश्वास बसत नाही.

उत्तरार्ध मला थोडा जड गेला. दारू, अश्रू, पश्चात्ताप, सगळं वरच्या पट्टीत. सुचित्रा सेननी मात्र तोल सांभाळलाय. ‘आँधी’तली करारी बाई पाहिली असेल, तर तिचा उगम इथे सापडतो.

हे आवडलं तर पुढे ‘दीप ज्वेले जाइ’ (१९५९) बघा, म्हणजे ज्याचा हिंदीत ‘खामोशी’ झाला तो. त्यातलं ‘एइ रात तोमार आमार’ सुरू झालं की थांबाल, कारण तीच चाल हेमंतदांनी पुढे ‘कोहरा’त ‘ये नयन डरे डरे’ला वापरली. आणि ‘हारानो सुर’ (१९५७) सोडू नका. दिग्दर्शक, नायक-नायिका, संगीतकार सगळे ‘सप्तपदी’चेच. नायकाची स्मृती जाते आणि गीता दत्तच्या ‘तुमि जे आमार’शी कथेचा धागा बांधलेला आहे. म्हणून ते गाणं आधी यूट्यूबवर शोधून ऐकू नका, सिनेमातच येऊ द्या.