ब्लिट्झमुळे मोठा डाव बिघडतो का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी भुसावळचा, रेल्वेत आहे. शिफ्ट ड्युटी असते म्हणून कुठं जाऊन खेळणं जमत नाही, मग मोबाइलवर बुद्धिबळाचे 3 मिनिटांचे ब्लिट्झ डाव चालतात, रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा सहज होतात. मागे जळगावला क्लासिकल (लांब वेळेची) स्पर्धा खेळलो, 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद, तर घड्याळात तासभर शिल्लक असताना हरून राहिलो होतो, ते पण साध्या साध्या चुकांनी. आमचे सर म्हणतात ब्लिट्झ पूर्ण बंद कर. मित्र म्हणतो विश्वनाथन आनंद पण फास्टच खेळायचा. ऐकू कोणाचं?

उत्तर: सरांचं निदान बरोबर आहे भो, औषध मात्र जरा जास्तच कडक दिलंय.

आनंदचं आधी बघू, कारण ते उदाहरण जो तो देतो. चेन्नईच्या ताल क्लबात तो ब्लिट्झ खेळत मोठा झाला हे खरं, सुरुवातीच्या काळात मोठ्या स्पर्धांतही मिळालेला वेळ फारसा वापरायचाच नाही, आणि 2017 ला वयाच्या 48व्या वर्षी परत वर्ल्ड रॅपिड (ब्लिट्झ आणि क्लासिकलच्या मधल्या वेगाची जागतिक स्पर्धा) जिंकला. पण गुकेश बघा, 2024 ला 18व्या वर्षी डिंग लिरेनला हरवून क्लासिकलचा जगज्जेता झाला आणि ब्लिट्झमध्ये त्या मानानं बराच मागे आहे. तेव्हा मोठ्या नावांवरून आपला निकाल लागत नाही. ते दोघं वेगवेगळ्या रस्त्यानं गेले आणि आपण दोघांपैकी कोणीच नाही.

तुमच्या बाबतीत काय होतंय ते सांगतो. 3 मिनिटांच्या डावात पहिली सुचलेली चाल खेळणं हेच शहाणपण असतं, कारण दुसरी शोधत बसलात तर फ्लॅग पडतो, म्हणजे वेळ संपून हरता. आता हे रोज रात्री दहा-पंधरा डाव केलं की मेंदूला तीच सवय लागते, चाल सुचली की हात गेलाच. मग जळगावला 90 मिनिटं मिळाली काय आणि 9 मिळाली काय, तुम्ही खेळताय ब्लिट्झच, फक्त खुर्चीत जास्त वेळ बसून. वेळ कमी झाला की चुका वाढतात हे ग्रँडमास्टरांच्या डावांवर सुद्धा तपासून झालंय, चॅब्रिस आणि हर्स्ट यांचा 2003 चा अभ्यास आहे, रॅपिडमध्ये त्यांच्याही घोडचुका क्लासिकलपेक्षा जास्त निघाल्या. त्यांचं असं होतं तर आपलं काय घेऊन बसलात.

याहून वाईट गोष्ट म्हणजे ब्लिट्झमध्ये चुकीच्या चालीला बक्षीस मिळतं. टू नाइट्स ही ओपनिंगच (डावाची ठरलेली सुरुवात) घ्या ना, तुम्ही काळ्याकडून, आणि जी5, डी5 ही पटावरच्या घरांची नावं. पांढऱ्याचा घोडा जी5 वर आला, तुम्ही डी5 केलं, त्यानं प्याद्यानं मारलं, आणि तुम्ही पटकन घोड्यानं परत मारलं. समोरचा तयारीचा असेल तर एफ7 वर घोडा देऊन तुमचा राजा मधोमध ओढून काढतो, फ्राइड लिव्हर म्हणतात ते हेच, म्हणून तिथं घोडा ए5 ला नेणं बरं. पण मोबाइलवर समोरचा पण घाईतच असतो, त्याला बळी द्यायची हिंमत होत नाही किंवा सुचतच नाही, आणि तुम्ही ती चाल खेळून परत परत जिंकता. आता ती चाल चुकीची आहे हे तुम्हाला कळणार कसं? स्पर्धेत कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

तरी मी बंद करा म्हणत नाही. दर चालीला 30 सेकंद मिळणारा डाव साठ चालींपर्यंत गेला की शेवटी तुम्ही त्या 30 सेकंदांवरच जगता, तिथं हाताला वेग पाहिजेच. आणि वर तर पूर्ण विजेतेपदं त्यावर ठरतात. 2018 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन-कारुआना यांचे 12 च्या 12 क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, मग कार्लसननं रॅपिडमध्ये 3-0 केलं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 ला बाटुमीत महिला वर्ल्ड कप जिंकला तो पण कोनेरू हंपीविरुद्ध रॅपिड टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडायच्या डावांत), आणि हंपी म्हणजे दोनदा वर्ल्ड रॅपिड जिंकलेली बाई!

म्हणून खेळा, पण कमी, आणि 3 मिनिटं कोरडी ठेवू नका. 3+2 (3 मिनिटं आणि दर चालीला 2 सेकंद) किंवा 5+3 घ्या म्हणजे फ्लॅगच्या मारामारीऐवजी थोडं बुद्धिबळ होतं. पंधराच्या जागी चार डाव पुरे, आणि प्रत्येक डाव संपला की दोन मिनिटं ओपनिंग उघडून बघा, आपण ओळखीच्या रस्त्यावरून कुठं उतरलो, पुस्तकात काय आहे. हे न बघता लगेच पुढचा डाव लावणारे आपल्याकडे 90 टक्के असतील (हा माझा अंदाज, पण धरून चाला). दोन लागोपाठ हरलात की फोन ठेवा, त्यानंतरचे डाव रागात खेळले जातात. स्पर्धेच्या आठवड्यात ब्लिट्झ अजिबात नको, त्याऐवजी सुट्टीच्या दिवशी एक 30 मिनिटांचा डाव खेळा, ऑनलाइन चालेल पण खरा पट शेजारी मांडून.

आणि स्पर्धेत एक करा. स्कोअरशीटवर चालीसोबत घड्याळात उरलेला वेळ लिहा, नियमात ते चालतं. पंधराव्या चालीला 85 मिनिटं दिसली की समजायचं आपण परत मोबाइलवर गेलो. जुने लोक सांगायचे चाल आधी कागदावर लिही मग खेळ, तेवढं करू नका, फिडेनं (जागतिक बुद्धिबळ संघटनेनं) ते केव्हाच बंद केलंय, आर्बिटर म्हणजे पंच टोकेल.

प्रश्न: ऑनलाइन ब्लिट्झला माझं 1800 आहे, फिडे रेटिंग 1520. माझा क्लासिकल डाव कच्चा समजायचा का? (धुळे)

उत्तर: नाही, ते आकडे शेजारी ठेवून बघायचेच नसतात. लिचेस या ऑनलाइन साइटवर नवा माणूस 1500 पासून सुरू होतो, फिडेत 2024 पासून खालची मर्यादाच 1400 आहे, खेळणारी माणसं वेगळी, हिशोब वेगळा. फिडे स्वतः स्टँडर्ड, रॅपिड, ब्लिट्झ अशी तीन रेटिंग वेगळी ठेवते ती उगाच नाही. बघायचंच असेल तर स्टँडर्डचा आकडा वर्षभरात कुठं चाललाय तेवढं बघा.

प्रश्न: ताई म्हणून विचारते, माझा 9 वर्षांचा मुलगा दिवसभर 1 मिनिटवाले बुलेट खेळतो, छान जिंकतो पण. खेळू द्यावं का? (शहादा)

उत्तर: ताई, बुलेट बंद करा, इथं मी सरांच्याच बाजूनं आहे. त्या वयात मोजायची सवय लागायची असते आणि 1 मिनिटात मोजणं होतच नाही, होतो तो बोटांचा खेळ. ओरडून बंद करू नका, त्याच्यासमोर पट मांडा, 15 मिनिटांचं घड्याळ लावा आणि घरातलं कोणीतरी बसा. तुम्हाला चाली येत नसतील तर त्यालाच शिकवायला सांगा, घोडा कसा चालतो हे आईला समजवताना पोरगं आपोआप सावकाश होतं.