‘मी अतिरिक्त ठरलो तर?’

गेल्या दीड वर्षात माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या शिक्षकांपैकी कोणी झोपेची तक्रार घेऊन आले, कोणी पित्ताची. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बहुतेकांनी हाच प्रश्न विचारला. संचमान्यता म्हणजे पटानुसार शाळेला शिक्षकांची पदे मंजूर करणे; मंजूर पदांहून जास्त असलेला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांवरील पदे डळमळू लागली. पुढे 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा, हे कोठारी आयोगापासून 2020 च्या शैक्षणिक धोरणापर्यंत लिहिले जात आहे. मात्र निधीची ओढाताण शिक्षकाला अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत दिसत नाही, ती त्याला संचमान्यतेच्या तक्त्यातील शेवटच्या रकान्यात दिसते.

एका सरांची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि तीन महिन्यांचे बोलणे दोन-तीन प्रसंगांत आवळले आहे.

सर पंचेचाळिशीचे, एका अनुदानित शाळेत सतरा वर्षे गणित आणि विज्ञान शिकवणारे. शाळेचा पट दरवर्षी घसरत होता. त्यांना रात्री दोनला जाग येई आणि मग शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारी परिपत्रके ते पहाटेपर्यंत वाचत बसत. घरी यातले काहीच सांगितले नव्हते.

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, “सर, कायम शिक्षकाला असे घरी बसवता येत नाही. दुसऱ्या शाळेत समायोजन होते.” ते नम्रपणे म्हणाले, “मॅडम, खासगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीतला पदकपातीचा सव्विसावा नियम मला पाठ आहे.” ज्याला नियम पाठ असूनही झोप लागत नाही, त्याची भीती नियम सांगून जाणार नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते.

तिसऱ्या भेटीत मी वेगळ्या बाजूने विचारले. “समजा, समायोजन झाले, पगार चालू राहिला, शाळा चाळीस किलोमीटर दूर मिळाली. यातले सर्वांत असह्य काय असेल?” बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. “तिथे मला ‘अतिरिक्त आलेले सर’ म्हणतील,” ते म्हणाले, आणि मग मे महिन्यातली गोष्ट निघाली. दर उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर मुले मागायला जावे लागते. एका घरी बाईंनी चहा दिला आणि सांगितले, “सर, तुम्ही शिकवता छानच, पण त्या शाळेची गाडी दारात येते.” त्या घरातली थोरली मुलगी सरांच्याच हाताखाली शिकलेली होती. “मी कमी पडलो, मॅडम.”

पुढच्या वेळी संचमान्यतेचा तक्ता घेऊन येण्यास मी सांगितले. खिशातून चौघडी घातलेला कागद निघाला. शेवटच्या रकान्यावर पिवळी रेघ होती. वर्गात वाचतात तसा मोठ्याने वाचा, असे मी म्हणाले.

“मंजूर पदे 2, कार्यरत पदे 3, अतिरिक्त 1.”

“कोण अतिरिक्त?”

“मी.”

“लिहिले आहे तेवढेच वाचा, सर.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. “पद. एक पद अतिरिक्त. यात नावच नाही.” मी काही बोलले नाही, अशा वेळी तोंड बंद ठेवणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते मला बऱ्यापैकी साधले आहे, असे मला वाटते. थोड्या वेळाने सर चक्क हसले. “हा तर भागाकार आहे, मॅडम. आणि बाकीच्या जागी मी स्वतःचे नाव लिहून बसलो होतो.”

नाव पुढच्या यादीत येते, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. पण ती यादी सेवाज्येष्ठतेची असते. तिच्यात रुजू झाल्याची तारीख मोजली जाते, शिकवण्याची प्रत नव्हे. विवेकनिष्ठ विचारपद्धती मी इतकी वर्षे धरून राहिले ती याचसाठी. घटना बदलता आली नाही, तरी तिला आपण चिकटवलेला अर्थ तपासता येतो, आणि तो तपासला की चिंतेच्या जागी साधी, कामाला लावणारी काळजी उरते.

ती काळजी मात्र करावीच. ज्येष्ठता यादीतील आपला क्रमांक आणि प्रवर्ग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, हरकत असल्यास ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ज्या मुलांचे आधार जुळत नाही ती 30 सप्टेंबरच्या पटात धरली जात नाहीत. सरांच्या शाळेत अशी चार मुले निघाली आणि त्यांच्या पालकांना घेऊन सर स्वतः आधार केंद्रावर गेले. व्हॉट्सॲप गट रात्री नऊनंतर उघडायचा नाही, असे ठरले. घरी बोलण्याचे ते सर्वांत जास्त टाळत होते, आणि बोलले तेव्हा कळले की पत्नीला सगळे ठाऊक होते. शाळेचा पट गावात कोणापासून लपतो?

हेच बोलणे मी सर्वांशी करत नाही. 16,000 रुपये मानधनावरील शिक्षण सेवक किंवा घड्याळी तासिकांवर शिकवणारे शिक्षक येतात तेव्हा त्यांची भीती बहुतांशी वस्तुस्थितीच असते. त्यांना ‘पद अतिरिक्त आहे, तुम्ही नाही’ असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. त्यांच्यासोबत मी आधी घरखर्चाचा हिशेब मांडते, सहा महिने कसे निघतील ते पाहते आणि मनाकडे नंतर वळते.

सरांचे समायोजन जूनमध्ये झाले, अडतीस किलोमीटरवर. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना नेमके तेच शब्द वापरले होते.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही, मॅडम. उत्तर मला परतीच्या एसटीत सुचले.”

झोपेचे विचारले, तर म्हणाले की सकाळची पावणेसहाची गाडी धरायची असते, रात्री दोनला जागायला आता सवड नाही.